कांद्याची सालं आणि तुझा रिपोर्ट

कराड
मंगळवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज आला तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते. मी दारावर थापा मारून सांगितलं, तसे पाण्याचा आवाज बंद करून आतून दोनदा म्हणाले, "पोचली का? पोचली का?" तिथे थंडी फार आहे म्हणालीस. काकूंनी विणलेला स्वेटर घाल, रंगाकडे बघू नकोस.

फोनवर बोलता आलं असतं, पण बाबा शेजारीच बसून असतात, म्हणून पत्र. काल तुझा खण आवरत होते. जुन्या जर्नल्सच्या खाली चार घड्या घातलेला कागद सापडला. एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतात ती तपासणी, ६.२. तारीख गणपतीच्या आधीची.

यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते. प्रवास कसा झाला, खोली कशी आहे, एवढंच विचारायचं होतं. पण दिवाळीत तू बाबांना जे बोललीस, ते सारखं आठवतं. मधुमेहाची गोळी बंद करून जांभळाच्या बियांची पूड घेत होते, उपाशीपोटी साखर २१० आली होती. तुझं चिडणं बरोबर होतं. भाऊबीजेच्या दिवशी आत्यासमोर बोलायला नको होतं, एवढंच. आणि ते बोलत होतीस तेव्हा हा कागद तुझ्या खणात होता, मनू.

"तूही झाडपाल्यावरच पीएचडी केलीस ना?" असं ते म्हणाले, आणि तू उत्तर न देता वर निघून गेलीस. ते उत्तर मी नंतर दिलं, तुझ्याच वहीतून. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन काढलं. चव सिंकोनासारखी, म्हणजे क्विनीन ज्याच्या सालीतून काढतात त्या झाडासारखी कडू, म्हणून तापावर देऊन पाहिलं. पुढे १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरला दिसलं की ते दिलं की लघवीतून साखर जाते. हा मेरिंग स्ट्रासबुर्गलाच काम करायचा आणि तू आता त्याच गावात, हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच.

बाबांना साखर बाहेर जाते म्हणजे काय ते समजेना. मी पोहे चाळायची चाळणी पुढे ठेवली. म्हटलं, मूत्रपिंड दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर गाळतं आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतं. ओढून घेणारं ते दार अडवलं की साखर बाहेर. पण सालीतल्या रेणूला साखर ऑक्सिजनच्या दुव्याने बांधलेली असते, तो दुवा आतड्यातच तुटतो, रक्तात फारसं काही पोचत नाही. मग रसायनवाल्यांनी साखर सरळ कार्बनला जोडली. तो बंध आतड्याला तोडता येत नाही. बाकीही बदल केले आणि डापाग्लिफ्लोझिन झालं. युरोपात २०१२ ला मान्यता, आपल्याकडे २०२० मध्ये पेटंट संपलं तशी स्वस्त झाली. "म्हणजे माझी ही गोळी सफरचंदाची?" म्हणाले. म्हटलं, सालीतल्या रेणूची पणती म्हणा. स्ट्रिप हातात घेऊन बराच वेळ मागचं छापलेलं वाचत बसले. दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी परत सुरू आहे. पाणी भरपूर पितात. निर्जळी एकादशी मात्र डॉक्टरांनी बंद करायला लावली, ही गोळी चालू असताना तसं उपाशी राहायचं नाही म्हणाले.

तुलाही तेच सांगते, उपाशी राहू नकोस. लॅबमध्ये कॉलम, ती रसायनं वेगळी करायची नळी, चालू आहे म्हणून दुपारचं जेवण चारला आणि रात्री बिस्किटं, हे पुण्यात पाच वर्षं केलंस. ६.५ ला मधुमेह म्हणतात, ६.२ आणि त्यात अंतर किती? रोज अर्धा तास चाल. दोन्हीकडून रक्तात आहे आपल्या. पाव कमी खा. फळांचा रस नको, फळ खा. वजन...

राहू दे. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मला सांगायलाच नको होतं. चुकलं माझं.

पण आजींचा पाय मी पाहिलेला आहे. तू दोन वर्षांची होतीस. चपलेतून खिळा वर आला होता आणि त्या दिवसभर तशाच फिरत राहिल्या, साखरेने पाय बधिर झालेला, त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले. हळद दाबली. पुढे मिरजेला नेलं तोवर अंगठा काळा पडला होता. तो गेला, मग घोट्यापर्यंत पाय गेला. बाबा गोळ्यांना घाबरतात ते तेव्हापासून. आईला इतक्या गोळ्या देऊनही पाय गेलाच, असं त्यांच्या मनात बसलं आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, दिवाळीच्या आधी सांगायला हवं होतं.

खणात आणखी एक सापडलं. आठवीतल्या विज्ञान प्रदर्शनाचा तो रुमाल, कांद्याच्या सालीने रंगवलेला. तुरटी घातलेला अर्धा भाग अजून लख्ख पिवळा आहे, हिराकशीचा काळपट हिरवा. सालीचं पाणी माझ्या पातेल्यात उकळलंस, ते पातेलं नंतर कधी पांढरं झालं नाही. तो पिवळा म्हणजे क्वेरसेटिन, हे आम्हा दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. बी.एस्सी.ला रसायन घेऊनसुद्धा मला नव्हतं. पुढचं शिकायचं राहिलं माझं, ते असो. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे, ते पान मी किती वेळा उघडते ते सांगत नाही.

काकू विचारत होत्या, सालींचा काढा घेऊ का? तू सांगायचीस तसंच सांगितलं. क्वेरसेटिनच्या रेणूला पाच हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात, आतडं आणि यकृत त्यांना काहीबाही चिकटवून लगेच बाहेर काढतं. म्हणून आमची मनू त्यातले काही आधीच झाकून बघते. आणि प्रयोगाच्या नळीत एन्झाइम अडलं म्हणजे माणसाची साखर उतरली असं नाही. काकूंना पटलं नाही, पण काढा घेतला नाही.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करतात. तुझे तीन महिने होऊन गेले आहेत. पुन्हा तेच लिहिलं बघ.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं. ते रोज सकाळचा आकडा वहीत लिहितात, त्या पानावर मी काल शेजारी एक रकाना आखला. कुणाचा म्हणून विचारलं त्यांनी. म्हटलं, रविवारी फोन येईल तेव्हा कळेल.

तुझी,
आई