कापसाच्या भरोशावर बोटीत बसू नको

गड्या,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. जानेवारीत पोराकडे चालला अन् तिथून न्यूयॉर्कहून बोटीनं बहामाज बेटांवर, अन् मले विचारून राहिला का "थंडी तं आपण लय पाहिली, अजून काय पाहाचं?" मागच्या वर्षी याच बोटवारीले निघालो तेव्हा हेच मी बी म्हटलं होतं, म्हणून बसून लिहितो, फोनवर तू आयकत नाही.

२०१८च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर गेलता, आठवते? रात्री दोनची लाईट, तू गव्हात पाणी फिरवत होता अन् मी मोटरच्या खोलीत शेकोटी धरून. मले वाटलं तेवढी काढली तं हे काय. न्यूयॉर्कले जानेवारीत दिवसा ४-५ डिग्री अन् रात्री शून्याच्या खाली, आकडा आयकून माणूस भेत नाही. पण मोठी बोट समुद्रात लागली का ताशी ३५-३७ किलोमीटरनं चालते, म्हणजे हवा बंद असली तरी डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या मजल्यावर, तेवढा वारा तोंडावर येतेच, अन् शून्य डिग्रीत तेवढा वारा लागला का अंगाले ते उणे सातसारखं वाटते. पहाटे बिना स्वेटरचं गाडीवर आर्वीले जाऊन पाह्य एकदा, तेच, फक्त इथं ब्रेक तुझ्या हातात नाही.

आता माझी फजिती आयक. अंगात दोन सुती बनियन, त्यावर शर्ट, त्यावर बायकोनं विणलेलं स्वेटर. आपण कापूसवाले, दुसरा भरोसा कशावर ठेवणार? बंदरावर बॅगा ओढल्या, लायनीत उभे राहिलो, आत हीटर फुल, घाम सुटला, बनियन भिजली अन् तसाच वर डेकवर गेलो. बापा, ते बनियन पाठीले ओल्या पोत्यासारखं चिकटलं! सुती कापड घाम पिते पण लवकर वाळत नाही, अन् ओलं कापड अंगातली गरमी ओढत राहते. पोरानं घरीच थर्मल, म्हणजे आतून घालाचे गरम कपडे, दिलं होतं, मीच ते मोठ्या बॅगेत टाकलं, म्हटलं मले नाही लागत. उभी जिंदगी पऱ्हाटीत गेली अन् कापसानंच दगा देल्ला.

तं आतून लोकरीचं नाही तं पॉलिएस्टरचं थर्मल, मधात फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट, वरून वारा न घुसणारं विंडचीटर. एकच जाडजूड कोट घेऊ नको, बोटीच्या आत चांगलं गरम असते, तिथं एकेक काढता आलं पाहिजे. हातमोजे पायजेच, रेलिंग लोखंडाची असते.

अन् टोपी हातातल्या पिशवीत ठेवजो. मोठ्या बॅगा बंदरावरच घेऊन घेतात, त्या खोलीपुढे कधी संध्याकाळी येतात. माझी कानटोपी त्यातच. लिबर्टीची मूर्ती समोरून गेली तेव्हा मी दोन्ही कानांवर हात धरून उभा, फोटो पाहून बहीण म्हणे का कोणाची वाईट बातमी आली होती का? पुढे बंदराच्या तोंडावरचा व्हेराझानो पूल लागते, १९६४चा, बोट खालून जाताना वाटते का आता वरचं धुराडं घासते. ते मात्र पाहाचंच, कितीबी थंडी असो.

दुसऱ्या दिवशी हॅटेरसच्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका टोकाच्या, बाजूनं गल्फ स्ट्रीम लागते. समुद्रातली गरम पाण्याची नदीच समज, ईशान्येकडे वाहते. वरून उत्तरेचा वारा तिच्या उलटा आला का लाटा उभ्या होतात, आमच्या वेळी टेबलावरचा चहा बशीत आला, बायको दिवसभर निजून. पण गार हवा त्या गरम पाण्यावरून जाते तं पाण्यातून वाफा निघतात, थंडीत पहाटे आपल्या विहिरीतून निघतात ना, तशाच, फक्त इथं नजर जाईल तिथपर्यंत. मी एकटाच उभा राहून पाहत होतो, थर्मल घालून बरं का.

मग बहामाज. २५ डिग्री, हाफ शर्ट, वाळू. ते तुले सांगाची गरज नाही.

खरी मार परत येताना आहे. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवा लागतात, ते उचलून नेतात अन् सकाळी खाली हॉलमध्ये भेटतात. मी जॅकेट त्यातच भरलं, काऊन का बाहेर तं गरमच होतं. पहाटे न्यूयॉर्क आलं अन् मी हाफ शर्टात. हॉलमध्ये सगळ्यायसमोर बॅग उघडली तं आधी ओल्या चड्ड्या, मग वाळू, मग वहिनीनं देल्लेला चिवडा सांडलेला, अन् साऱ्याच्या खाली जॅकेट. बायको दहा पावलं दूर जाऊन उभी राहिली, जसं काही ओळखतच नाही.

थर्मल नवीन घेऊ नको, माझं पडून आहे. रविवारी बाजारातून येता येता घेऊन जा. तुझं पोट जरा सुटलं पण ते ताणते.

तुझाच,
मोटरच्या खोलीतला शेकोटीवाला