अंकलच्या डायऱ्या

उथळसर, ठाणे.

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

अंकल गेल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तू बराच वेळ काही बोलला नाहीस आणि मलाही पुढे सुचेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. त्यांच्या बरोबरीचे वादक आता उरलेले नाहीत. त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत आणि मयतांतही ट्रंपेट वाजवणाऱ्या या माणसाला निरोप देताना कोणी एक स्वरही वाजवला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

तुला ते शिकवायला लागले तेव्हा त्यांचे वय साठीला आले होते, त्यामुळे आधीचे त्यांचे आयुष्य तुला ठाऊक नाही. १९५७ साली, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, अठराव्या वर्षी ते मुंबईत आले आणि धोबीतलावाला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, राहिले. गावी चर्चच्या मेस्ताने, म्हणजे संगीत शिक्षकाने, आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, घोकून घेतले होते आणि वाद्य नंतर हातात दिले होते. त्यामुळे समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवणे त्यांना सहज जमे. त्या काळी सिनेसंगीतात या विद्येला मोल होते. संगीतकार चाल गाऊन दाखवत, शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते तसे अरेंजर ती पाश्चात्त्य लिपीत उतरवत, आणि वादक ती कागदावरून वाजवत. अंकलचे दैवत मात्र ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांचे हे नाव. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी काम केले होते. १९६७ साली ते गेले, त्या दिवशी अंकलने शिफ्ट घेतली नाही, असे आंटी सांगतात.

दिवसा रेकॉर्डिंगची शिफ्ट, रात्री हॉटेलात जॅझ आणि मग शेवटची लोकल पकडून ठाण्याला घरी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९६४ साली मुंबईत आले तेव्हा अंकल त्यांना ऐकायला गेले होते. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवात, रंगभवनात, सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सना ऐकल्याचे तर ते मला दर दिवाळीला नव्याने सांगत.

एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू शाळेच्या सहलीला गेला होतास. मी भजनी मंडळासाठी पेटी काढून बसलो होतो. अंकल आले आणि म्हणाले, काळी पाचवर सा धरून ठेवा. त्यांच्या ट्रंपेटचा सा तिथेच येतो. मी भाता चालवत राहिलो. त्यांनी म्यूट, म्हणजे आवाज दबवणारे बूच, लावून कोमल गंधार वाजवला, मग शुद्ध गंधार वाजवला, आणि मग केवळ ओठांच्या ताणाने या दोहोंच्या मधे कुठेतरी एक स्वर असा धरला, की मी पेटीवर तो शोधायला गेलो आणि मला पट्टीच सापडेना. ते म्हणाले, 'हाच आमचा गंधार.' मी चाळीस वर्षे पेटी वाजवतो आहे; पण दोन पट्ट्यांच्या मधे एवढी जागा असते हे मला त्या दिवशी कळले.

ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आले आणि ब्रासचे काम आटत गेले. एकदा एका स्टुडिओने त्यांना बोलावून, दाराशी तासभर बसवून, 'आज गरज नाही' म्हणून परत पाठवले. त्या रात्रीही त्यांनी अर्धा तास लाँग टोन्स, म्हणजे एकेक स्वर लांबवर धरण्याचा रियाज, वाजवल्या, कारण चार दिवस हयगय केली तर ओठ उतरतो आणि तो पुन्हा चढायला महिना लागतो, हे तुलाही त्यांनी शंभरदा सांगितले असेल.

परवा आंटींनी त्यांच्या खिशात मावणाऱ्या डायऱ्यांचा खोका माझ्याकडे दिला. १९६१ पासूनची प्रत्येक शिफ्ट त्यांत आहे: तारीख, स्टुडिओ, वेळ, रक्कम. गाण्याचे नाव कुठेही नाही. चित्रपट कोणता हे वादकांना बऱ्याचदा माहीत नसे, आणि तबकडीवर यांचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. मी तारखा जुळवून गाणी शोधायचा प्रयत्न चालवला आहे, पण माझा कान पेटीचा. कोणत्या गाण्यातला ट्रंपेट त्यांचा, हे तुलाच ओळखता येईल. चार वर्षे तू त्यांचा श्वास समोर बसून ऐकला आहेस. सुट्टी मिळेल तेव्हा आठवडाभर तरी ये.

१९९९ ची डायरी मी वेगळी काढून ठेवली आहे. तोवर शिफ्ट जवळजवळ संपल्या होत्या, पण रकाने तसेच आखलेले आहेत. दर गुरुवारी, संध्याकाळी पाच ते सहा, स्टुडिओच्या जागी तुझे नाव आहे, आणि रकमेच्या रकान्यात शाईने ओढलेली एक आडवी रेघ.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझे,
बाबा