गिऱ्हाईक बोलायलंय

चाचा, नमस्कार.

गॅदरिंग संपल्यावर तुम्हाला शोधलं, तर तुम्ही पेट्या टेम्पोत टाकून दुसऱ्या शाळेकडं निघूनही गेला होतात. सीझनच आहे तुमचा. दुकानात येऊन बोलावं म्हटलं तर तिथं कायम गर्दी, आणि मला अजून या विषयावर बोलायला लागलं की रडू फुटतं. उगीच चारचौघांत शोभा व्हायची. म्हणून लिहायलेय. तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो, त्याच्या नजरेला पडेल आणि तो वाचून दाखवील. तुमचं नाव टाकत नाही. परभणीत गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं घेणाऱ्यांना सांगायची गरजही नाही.

आमचं लेकरू बोलताना अडखळतं, हे तुम्हाला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. 'स', 'ज' आणि 'क' म्हणजे त्याचे दुश्मन. आणि वेड कशाचं लागावं, तर सुपरमॅनचं! नुसते सिनेमे बघायचं वेड असतं तर ठीक होतं. सुपरमॅन कोणकोणत्या नटानं केला, कुणाचा कसा, कुणाचा क्लार्क केंट (म्हणजे सुपरमॅनचं रोजचं, चष्मा लावलेलं वार्ताहराचं रूप) खरा वाटतो आणि कुणाचा नुसता चष्मा लावलेला पहिलवान, याची त्यानं वही भरलीय. त्यावर एकपात्री करायचं होतं त्याला.

शाळेत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण जास्त लिहिण्याची त्यांची लायकी नाही. 'वेळेचं गणित बसत नाही, त्याला पडदा ओढायला ठेवू,' असं उत्तर आलं. वर 'जबाबदारीचं काम आहे' अशी साखर पेरली.

त्याच्या आधी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका क्लासला घातलं होतं. फी आधी घेतली, सगळी. तिथल्या सरांना सुपरमॅनचं कळलं तेव्हा ते टाळी वाजवून म्हणाले, "अहो, मग हा तर आयता क्लार्क केंट! चष्मा लावा आणि अडखळू द्या, पब्लिक हसून हसून लोळेल." वर्गातली पोरं हसली. माझं लेकरूही हसलं. आपल्यावर कुणी हसलं की आपणही हसायचं, म्हणजे लवकर संपतं, हे ते कधीच शिकलं होतं. त्या क्लासात तेवढंच त्याच्या कामी आलं म्हणायचं.

तर अशा अवस्थेत आम्ही तुमच्या दुकानात आलो. खरं तर नुसता ड्रेस न्यायला. निदान पंधरा ऑगस्टला घालून मिरवील, असा माझा विचार.

तुम्ही टेप गळ्यात अडकवून कुणाच्या तरी मावळ्याच्या अंगरख्याला हूक लावत होतात. मला न विचारता त्यालाच विचारलंत, "काय पाहिजे मालक?" आणि तो 'सु'वर अडकला. ओठ जुळायलेत, मान खाली चाललीय, आवाज निघत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सुपरमॅन का रे?" वाईट हेतू नव्हता त्यांचा. त्यांना घाई होती.

तुम्ही मान वर न करता त्यांना म्हणालात, "थांबा हो. गिऱ्हाईक बोलायलंय."

आणि हूक लावत राहिलात. पोराकडं रोखून बघितलं नाही, 'सावकाश बोल बाळा' म्हणाला नाहीत, दया आल्यासारखा चेहरा केला नाही. दुसरा हूक झाला, दोरा तोडलात, तिसरा घेतलात. मग तो म्हणाला, "सुपरमॅन." तुम्ही विचारलंत, "कुणाचा?"

चाचा, कुणाचा! हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. आम्हीसुद्धा नाही.

तुम्ही पत्र्याच्या पेटीतून तीन ड्रेस काढलेत. एक जुना, सॅटिनचा, वरून लाल चड्डीवाला. दुसरा काळपट निळा, बिनचड्डीचा. तिसरा परत चड्डीवाला, नवाकोरा. "आईबाप मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. चड्डी काढा म्हणाले, काढली. आता पुन्हा घाला म्हणायलेत, घातली. आपल्याला काय!" यावर माझं पोरगं जे सुटलं! अडखळत, थांबत, पण सुटलं. 2013च्या हेन्री कॅव्हिलच्या सुपरमॅननं ती चड्डी टाकली आणि 2025मध्ये डेव्हिड कोरेन्स्वेटनं परत चढवली. मुळात 1938मध्ये हा हिरो कागदावर आला तेव्हा त्याचा पोशाख सर्कशीतल्या ताकदवान गड्यांवरून घेतलेला, म्हणून ती वरून. तुम्ही म्हणालात, "अस्सं! मी इतकी वर्षं शिवायलोय, मला वाटायचं साहेबानं गडबडीत घातली."

मग दुकानात गिऱ्हाइकं तिष्ठत असताना तुम्ही त्याला एकेक नट विचारत गेलात. 1948 सालचा कर्क अ‍ॅलिन, पंधरा भागांच्या मालिकेतला, ज्याच्यावर उडायची वेळ आली की पडद्यावर कार्टून यायचं. मग टीव्हीवरचा जॉर्ज रीव्ह्ज, 1952 ते 1958. सुरुवातीला टीव्ही काळापांढरा, म्हणून त्याचा ड्रेस निळा-लाल नव्हताच, तपकिरी आणि करडा शिवलेला, कारण कॅमेऱ्यात तोच नीट उठून दिसायचा. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. आपल्या धंद्यातली नवी गोष्ट कळल्यावर माणसाच्या तोंडावर जो आनंद येतो, तो मी त्या दिवशी बघितला. आणि तो माझ्या पोरामुळं आला होता.

ख्रिस्तोफर रीव्हवर दोघांचं चांगलंच रंगलं. (रीव्ह आणि रीव्ह्ज हे वेगळे, नात्यातलेही नाहीत, हे त्यानं तुम्हाला दोनदा बजावलं. आम्हाला तर रोज बजावतो.) 1978मध्ये रीव्हनं ड्रेसच्या आत खोटे स्नायू भरायला नकार दिला आणि डेव्हिड प्राउझ या शरीरसौष्ठवपटूच्या हाताखाली व्यायाम करून शरीर कमावलं. तुमचा सॅटिनचा ड्रेस त्याचाच, खांद्यात कापूस भरलेला. "म्हणजे आपला कापूस काढावा लागंल," असं तुम्ही गंभीरपणे म्हणालात.

त्याच सिनेमातला तो प्रसंग त्यानं तुम्हाला करून दाखवला. लोइसच्या, म्हणजे त्याच्यासोबत काम करणाऱ्या वार्ताहर बाईच्या घरी क्लार्क आलाय, ती आत गेलीय. हा चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आणि त्याच कपड्यांत, त्याच खोलीत बघता बघता सुपरमॅन उभा राहतो. आता खरं सांगणार, तेवढ्यात धीर सुटतो, चष्मा परत डोळ्यांवर, खांदे खाली, की पुन्हा क्लार्क. तुम्ही म्हणालात, "हे तर बिनबोलता झालं की रे! हे पहिलं ठेव."

तेव्हा त्यानं क्लासातल्या सरांची आयडिया तुम्हाला सांगितली. रीव्हचा क्लार्क अडखळतो, म्हणून आपणही तसंच अडखळायचं का, असं विचारलं. मी श्वास रोखून उभी. तुम्ही विचारलंत, "त्या टीव्हीवाल्याचा क्लार्क अडखळतो का?" तो म्हणाला, नाही, तो चांगला कडक वार्ताहर आहे. "आणि हा नव्वदच्या दशकातला, टीव्हीवरचा डीन केन?" तोही नाही. त्याच्या मालिकेत तर क्लार्क हाच खरा माणूस आणि सुपरमॅन हे त्याचं सोंग. "मग अडखळणं त्या एकाच नटाचं झालं. त्यानं ते बसवलं होतं. तुझं काही बसवलेलं नाही, ते सोंगात घालू नको. तू क्लार्क कर खांद्यातून. बोलताना तू तूच राहा, लागंल तितका वेळ घे."

सगळी फी आधी भरून जे मिळालं नाही, ते तुम्ही खडूनं कापडावर रेघ मारता मारता देऊन टाकलंत.

पुढं शाळेत कसं जमवलं, तुम्ही कुणाला काय बोललात, ते मी इथं लिहीत नाही. एवढंच म्हणते की सगळ्या शाळेचे ड्रेस ज्या माणसाकडून यायचे असतात, त्याच्या शब्दाला स्टाफरूममध्ये वजन असतं.

मला खरं तर राग त्या घाईचा आहे. माझं लेकरू पेन आणायला जातं आणि पेन्सिल घेऊन येतं, कारण दुकानदार 'पेन्सिल का?' म्हणतो आणि हे 'हो' म्हणून मोकळं होतं. एसटीत जिंतूरचं तिकीट मागायचं तर 'जि' निघेपर्यंत कंडक्टरचा हात पुढच्या माणसाकडं गेलेला. यातलं कुणीच दुष्ट नाही, चाचा. पण दुसऱ्याचं वाक्य पुरं करून आपण त्याला मदत केली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापायी या पोराच्या घरात नको असलेल्या पेन्सिलींचा ढीग झालाय. माणुसकी म्हणून आपण केवढ्या मोठमोठ्या गोष्टी सांगतो, रक्तदान काय, अन्नदान काय. करावंच. पण समोरच्याला त्याचा शब्द त्याच्या तोंडानं बोलू द्यायला पावती फाडावी लागत नाही.

गॅदरिंगला त्यानं किती जण केले ते तुम्ही पडद्याआडून बघितलंच. टीव्ही मालिकेतल्या टॉम वेलिंगला सगळ्यात मोठा हशा आला, आणि ते वाक्य तुमचं होतं: "दहा सीझन सुपरमॅन, पण शेवटच्या भागापर्यंत ड्रेस भाड्यानं नेलाच नाही!" पुनीत इस्सरला शिट्ट्या पडल्या. टीव्हीवरच्या 'महाभारत'मधल्या या दुर्योधनानं त्या मालिकेच्या आधी, 1987मध्ये हिंदीत सुपरमॅन केला होता, हे पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही माहीत नव्हतं. ब्रँडन राउथ त्यानं पटकन उरकला, 'हा रीव्हसारखाच' एवढं म्हणून, आणि ते बरोबरच आहे. कॅव्हिल मला स्वतःला दिसायला सगळ्यांत आवडतो, पण झाडावर अडकलेलं मांजर काढून द्या, असं त्याला सांगायची कुणाची छाती होणार नाही. रीव्हला सांगता येतं, त्यानं काढलंही आहे. कोरेन्स्वेटलाही सांगता येईल. सिनेमा सुरू होतो तोच तो मार खाऊन बर्फात आपटतो. असा हिरो गरिबाचं ऐकून घेतो.

ख्रिस्तोफर म्हणताना तो अडकला. बराच वेळ अडकला. कुणीतरी मागून धीर द्यायच्या टाळ्या सुरू केल्या, त्या मला अजिबात आवडत नाहीत. तो थांबला, टाळ्या संपू दिल्या, आणि पुन्हा 'ख्रि'पासून सुरू केलं. चष्म्याच्या प्रसंगाला मात्र सगळं पटांगण गप्प होतं आणि नंतर ज्या टाळ्या पडल्या, त्या धीर द्यायच्या नव्हत्या.

शेवट त्यानं मालेगावच्या शफीक शेखवर केला, तोही तुमच्याच आग्रहानं. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ माणूस, गावच्या पोरांनी मिळून केलेल्या सिनेमातला सुपरमॅन. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला म्हणून तो जगाला कळला. शफीक आता नाही. तुम्ही म्हणाला होतात, "अंगात काही नसताना तो ड्रेस घालून बाहेर निघायला लई हिंमत लागती. अमेरिकावाल्यांचं काय, त्यांना जिम आहे." माझा काडीपैलवान हे वाक्य घरात येता-जाता म्हणतो.

ड्रेस सोमवारी आणून देते. बेल्टचा पिवळा रंग घामानं थोडा गेलाय, त्याचे पैसे धरा. त्या दिवशी तुम्ही अर्धंच भाडं लावलं होतं, ते मला कळलंय, बाकीचंही घ्या. नाहीतर मी पुढच्या खेपेला येणार नाही, आणि यावं तर लागणारच आहे, कारण घरात बॅटमॅनची वही सुरू झालीय, 1943च्या लुइस विल्सनपासून. मायकल कीटनला त्या ड्रेसमध्ये मान वळवता यायची नाही, मग पूर्ण अंगानंच वळायचा, हे त्याला तुम्हाला स्वतःच सांगायचंय. मी सांगितलंय हे त्याला कळू देऊ नका.