हुला शिकायचाय ना, मग हे वाच

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि इतकं छान वाटलं ना! सोसायटीच्या पार्टीला हवाई बेटांची थीम आणि तुम्ही सगळ्याजणी हुला, म्हणजे तिथला पारंपरिक नाच, करणार. मी इथे कॅलिफोर्नियात ज्या बाईंकडे शिकते (त्यांना कुमू म्हणतात, आपल्या गुरूच त्या) त्यांनी सुरुवातीला जे शिकवलं तेच तुला लिहितेय, फोनवर हे नीट सांगता येणार नाही.

आधी कंबर विसर. सगळे कंबरेपासून सुरू करतात आणि तिथेच फसतं. गुडघे वाकव, भरतनाट्यममधल्या अरमंडीची (गुडघे वाकवून अर्धं बसायची) तुला सवय आहेच पण इथे पावलं बाहेर वळवायची नाहीत, दोन्ही सरळ समोर. आता काहोलो, म्हणजे उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्याजवळ, परत उजवा, परत डावा, चार मोजून झाले की तसंच डावीकडे. गुडघे वाकलेले असले आणि वजन या पायावरून त्या पायावर गेलं की कंबर आपोआप हलते, मुद्दाम हलवलीस तर लगेच कळतं बघणाऱ्याला. डोकं वरखाली व्हायला नको आणि पाय आपटायचा नाही, भरतनाट्यमची ही सवय तुला जरा मोडावी लागेल. मग हेला, एक पाय तिरका पुढे टेकवायचा, मागे घ्यायचा, मग दुसरा. या दोन स्टेप्सवर एक संथ गाणं आरामात बसतं. टाचा उचलून गुडघे पुढे काढायचे ते उवेहे आत्ता नकोच, घाई केली तर गुडघे बोंबलतील.

खरा हुला हातात आहे गं. पाय फक्त ताल धरतात, गोष्ट हात सांगतात. लाटेसाठी तळवे खाली ठेवून मनगटं हळू वरखाली, पावसासाठी हात वरून खाली येताना बोटं हलकी थरथरवायची, फुलासाठी बोटांची टोकं जुळवायची, प्रेमासाठी दोन्ही हात छातीवर. आणि हात जिकडे नजर तिकडे, हे तर तुझ्या बाईंनीही शिकवलंय. म्हणून आधी गाण्याचा अर्थ काढा, मग स्टेप्स. माहीत नसलेल्या गाण्यावर हात हलवण्यात काय मजा.

हे एवढं सांगतेय कारण या नाचाने खूप सोसलंय. हवाईत मिशनरी आले, तिथली राणी काअहुमानू ख्रिश्चन झाली आणि 1830 मध्ये तिने चारचौघांत हुला करायलाच बंदी घातली. लोकांनी लपूनछपून जपला. मग राजा कालाकाउआने 1883 मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला दिमाखात हुला करवला. आणि मनू, हाच राजा 1881 मध्ये जगप्रवासाला निघाला तेव्हा वेरूळची लेणी बघून मुंबईलाही आला होता! मला हे कळलं तेव्हा अंगावर काटाच आला. त्याच्याच आठवणीत हवाईतल्या हिलो गावात दरवर्षी ईस्टरनंतर हुलाचा मेरी मोनार्क फेस्टिवल होतो, त्याचे व्हिडिओ सगळ्याजणी मिळून बघा. भोपळ्याच्या वाद्यावर मंत्रासारखं म्हणत करतात तो जुना काहिको, आणि युकुलेले, गिटारवर करतात तो आउआना. तुम्ही आउआनाच करा, काहिको गुरूशिवाय करायची गोष्ट नाही.

कपड्यांचं ऐक. ऑनलाइन मिळतात त्या प्लास्टिकच्या झिरमिळ्या आणि नारळाच्या करवंट्या कृपा करून मागवू नका, हुलाशी त्यांचा काही संबंध नाही. मोठ्या फुलांच्या प्रिंटचं सुती कापड घ्या आणि कंबरेला इलॅस्टिक घालून भरपूर घेराचा स्कर्ट शिवून घ्या, शिंपी एका दिवसात देईल. गळ्यात चाफ्याचा हार, तोही खऱ्या फुलांचा. पार्टी झाल्यावर तो डस्टबिनमध्ये टाकायचा नाही हं, हवाईतही टाकत नाहीत, निर्माल्यासारखा झाडाखाली मातीत ठेवतात.

गाणं ठरलं की लगेच कळव, हातांचं मी बसवून देते. आणि प्रॅक्टिसचा व्हिडिओ पाठवशील तो पाय दिसतील असा काढ, मागच्या वेळेसारखा फक्त चेहऱ्यांचा नको.

तुझीच,
शमू