तिन्ही रीडिंग ९.८

महोदय,

विज्ञान पदवीधरांना नोकरी का मिळत नाही, यावरचा कालचा लेख वाचला. त्यातली कारणे : इंग्रजी कच्चे, संवादकौशल्य नाही, आत्मविश्वास नाही. बरे! अर्ध्या पानाच्या त्या लेखात 'प्रयोगशाळा' हा शब्द एकदाही आलेला नाही.

बीएस्सी रसायनशास्त्राचे कुठलेही जर्नल, म्हणजे प्रयोगवही, उघडा. परमँगनेटच्या टायट्रेशनची (फ्लास्कमध्ये गुलाबी रंग येईपर्यंत किती मिली द्रावण सोडावे लागले, त्याची) तीन रीडिंग : ९.८, ९.८, ९.८. खाली सी.बी.आर., म्हणजे कायम येणारे रीडिंग, ९.८. शेजारणीच्या जर्नलात तेच, गेल्या वर्षीच्या सीनिअरच्या जर्नलातही तेच. द्रावण मात्र त्याच सकाळी नव्याने केलेले. द्रावण सोडायच्या पन्नास मिलीच्या काचनळीवर, ब्युरेटवर, ०.१ मिलीचे भाग असतात. खरोखर हाताने केले तर एखादे ९.७ किंवा ९.९ येतेच. ऑक्झॅलिक ॲसिड ६०-७० अंशांपर्यंत तापवले नाही किंवा सल्फ्युरिक कमी पडले, की फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गाळ दिसतो. तो कुठल्याही जर्नलात सापडणार नाही. तो बेसिनमध्ये ओततात आणि ९.८ लिहितात.

हीच मुले बोईसर, कुरकुंभच्या औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ट्रेनी म्हणून जातात. तिथे खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, सुटा कागद नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. वजनकाट्यातून छापून आलेली स्लिप सोबत जोडायची. कॉलेजात तीन वर्षे पेन्सिलीने लिहून, सरांच्या सहीआधी रीडिंग 'जुळवून' घेतलेली. कंपनीत त्यालाच डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा, भंग म्हणतात. फाडफाड इंग्रजी तिथे वाचवायला येत नाही.

एमएस्सीच्या वाटेवरही तेच. आयआयटीच्या 'जॅम' या एमएस्सी प्रवेश परीक्षेत ६० पैकी २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा. त्यांना १०० पैकी ३० गुण. उतरवलेल्या गणितांवर ते कसे मिळावेत?

आता नव्या शैक्षणिक धोरणात चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे, म्हणजे १२० तास. ओळखीच्या मेडिकलवाल्याचे प्रमाणपत्र आणले की फाइल पूर्ण. जर्नलची धाकटी बहीणच!

यावर व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे कशाला? प्रत्येकाला वेगळ्या नॉर्मलिटीच्या (तीव्रतेच्या) द्रावणाची बाटली द्या, वर नुसता क्रमांक. खरी नॉर्मलिटी फक्त लॅब असिस्टंटच्या वहीत. रीडिंग पेनाने, थेट जर्नलात, सही त्याच प्रॅक्टिकलला. तपकिरी गाळ आला तर तोही लिहायचा, कारणासकट, आणि त्याचे गुण कापायचे नाहीत. खर्च बाटल्यांवर चिकटवायच्या लेबलांचा. असिस्टंटची जागाच रिकामी असेल तर मात्र हे कोण करणार, हे ज्याने त्याने आपल्या संस्थेला विचारावे.

जाता जाता : तुमच्या करिअर पुरवणीत 'जॅम'ची माहिती गेल्या वेळी डिसेंबरमध्ये आली. अर्ज सप्टेंबरमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये बंद होतात, परीक्षा फेब्रुवारीत. यंदा गणपतीच्या सुमारास छापता आले तर पाहा.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, पालघर