ट्रॉफी राहू दे, हॉलच्या तारखा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुम्ही शहरातल्या एका इनडोअर हॉलचं वुडन फ्लोअरिंग नवीन केल्याची बातमी फोटोसकट छापलीत. बॅडमिंटन, बास्केटबॉल, सगळ्यांची सोय झाली असं त्यात होतं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण लगेच पोटात गोळा पण आला, कारण फ्लोअर नवीन झालं म्हणजे आता आम्हाला तिथं दारात पण उभं करणार नाहीत. (दारात उभं करणार नाहीत हे आमच्या टीमसमोर बोललो तर ते हसून लोळतील, ते उभे राहतच नाहीत.)

आम्ही म्हणजे व्हीलचेअर रग्बीवाले. मी प्लेअर नाही, माझं पुण्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पंक्चर काढणं, आउट काढणं, छर्रे बदलणं हे माझं काम. सात वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ बाइकवरनं पडला, मानेतला मणका गेला, डॉक्टरच्या भाषेत सी सिक्स. कोपर वाकतं, मनगट वर उचलतं, बोटं मात्र बंद होत नाहीत, छातीच्या खाली काही नाही. एक दिवस तो म्हणाला दादा मला रग्बी खेळायचीय, मी म्हटलं डोक्याला पण मार लागलाय का तुझ्या. मग त्यानं मोबाइलवर मॅच दाखवली आणि मी तिथंच गार झालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ १९७६ च्या सुमारास कॅनडात विनिपेगला सुरू झाला, ज्यांचे हात पण नीट चालत नाहीत त्यांना व्हीलचेअर बास्केटबॉल जमत नव्हता म्हणून त्यांनीच काढला, आणि आधी नाव ठेवलं होतं मर्डरबॉल. १९९६ ला अटलांटाच्या पॅरालिम्पिकमध्ये नुसता दाखवायला होता, २००० साली सिडनीला मेडलचा खेळ झाला. चार-चार प्लेअर, कोर्ट बास्केटबॉलचं, २८ बाय १५ मीटर, बॉल व्हॉलीबॉलसारखा, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल मांडीवर घेऊन खुर्चीची दोन चाकं गोललाइनच्या पार गेली की गोल. बॉल तुमच्याकडे असला की दहा सेकंदांत एकदा टप्पा मारायचा नाहीतर पास द्यायचा. आणि धडक चालते, खुर्चीवर खुर्ची, तोच तर खेळ आहे, फक्त मागच्या चाकाच्या मागनं ठोकून समोरच्याला गरकन फिरवायचं नाही, ते फाउल. बायका-पुरुष एकाच टीममध्ये खेळतात.

खरी गंमत पॉइंटची आहे. प्रत्येक प्लेअर तपासून त्याला अर्धा ते साडेतीन यातला एक पॉइंट देतात, जितके हात-धड कमी चालतात तितका पॉइंट कमी, आणि कोर्टवरच्या चौघांची बेरीज आठच्या वर जाऊ द्यायची नाही (टीममध्ये बाई असेल तर अर्धा वाढवून मिळतो). म्हणजे चारही तगडे उतरवता येत नाहीत, साडेतीनवाले घ्यायचे तर बरोबर अर्धावाला नाहीतर एकवाला लागतोच. लोक साडेतीनवाल्याला टाळ्या वाजवतात कारण गोल तो करतो, पण मला विचाराल तर बघायचं ते एकवाल्याकडे. माझा भाऊ एक पॉइंटचा आहे. त्याच्या खुर्चीला पुढं लोखंडी दांडा आहे, बाहेर आलेला, समोरच्याच्या चाकाजवळ तो असा अडकवतो की तीन पॉइंटचा गडी जागेवर नुसता हात मारत बसतो आणि इकडे आपला बॉलवाला मोकळा सुटतो. आख्ख्या मॅचमध्ये भावाच्या हाताला बॉल दोनदा लागत असेल. मॅच संपल्यावर त्याचे ग्लोव्ह काढायला मीच असतो, चिकटपणा यावा म्हणून गम लावलेला असतो, त्यावर टेप, आतनं तळहात लालभडक, आणि त्याला ते जाणवत पण नाही, मला सांगावं लागतं की अरे फोड फुटलाय.

आता मूळ मुद्दा. गणपती झाले की आमच्याकडे नवीन सीझनची बोलणी सुरू होतात आणि दर वर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते. स्पॉन्सर नाही म्हणून नव्हे, प्लेअर नाहीत म्हणून पण नव्हे. हॉलच्या तारखा मिळत नाहीत म्हणून. विचारायला गेलो की उत्तर ठरलेलं, "तुमच्या खुर्च्यांनी फ्लोअर खराब होतं." मान्य आहे साहेब, डाग पडतात. रबराचे काळे पट्टे उठतात, कधी खुर्ची आडवी झाली तर पत्र्याचा ओरखडा पण येतो. पट्टे आम्ही पुसून देतो, मागच्या वेळी मी स्वतः दोन पोरं घेऊन रात्री साडेदहापर्यंत गुडघ्यावर बसून फडकं मारलंय. ओरखड्यासाठी आधीच डिपॉझिट घ्या, आम्ही देऊ. पण त्याच हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लागतं, लोखंडी स्टॉल ओढत नेतात, तेव्हा फ्लोअरची आठवण कुणाला येत नाही.

आणि हॉल मिळाला तरी तो टिकत नाही. मागच्या वर्षीचं सांगतो. फायनलच्या दोन दिवस आधी फोन आला की हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, तुम्ही बाहेरचं सिमेंटचं कोर्ट वापरा. एप्रिल महिना. सोलापूर-कोल्हापूरकडची पोरं निघालेली होती, परत कुठं पाठवणार, म्हटलं सकाळी सातला सुरू करू. सुरू व्हायला नऊ वाजले कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. मानेत मार बसलेल्यांना मार लागलाय त्याच्या खाली घाम येत नाही हे बऱ्याच लोकांना ठाऊकच नसतं, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही, गाडीचा रेडिएटर बंद पडल्यासारखं. तिसऱ्या क्वार्टरला आमचा एक जण बोलता बोलता गप्प झाला, तोंड लाल, कपाळ कोरडं. मग डोक्यावर पाणी, मानेला ओला टॉवेल, झाडाला खतं मारायचा स्प्रे पंप असतो ना तो आणून तोंडावर फवारे. वीस मिनिटांनी तो म्हणाला स्कोअर काय झाला. त्याच दिवशी सिमेंटमुळे अकरा ट्यूब गेल्या. स्टेजवर मात्र शाल-श्रीफळ व्यवस्थित पार पडलं आणि चार फुटी ट्रॉफी दिली, ती आता माझ्या दुकानात पोटमाळ्यावर आहे कारण ती व्हीलचेअरवर मांडीवर ठेवून घरी नेताच येत नाही.

लोकांना वाटतं तारीख बदलली तर काय एवढं, पुढच्या रविवारी खेळा. अहो आमच्या एका प्लेअरची तारीख म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसाची सुट्टी, घरातलं कुणीतरी एक नाहीतर पगारी अटेंडंट. शौचाचं टायमिंग तीन दिवस आधीपासनं लावावं लागतं, हे पेपरात लिहू का नको असं वाटलं पण लिहितो, कारण यावरच सगळं चालतं. बसून बसून जखम झाली असेल तर ती बरी होईपर्यंत खेळायचं नाही, म्हणजे तेवढा बफर लागतो. मग प्रवास. प्रत्येकाच्या दोन खुर्च्या, एक रोजची, एक खेळाची. खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात त्यामुळे ती साध्या दारातनं जात नाही, चाकं काढूनच न्यावी लागते. दहा प्लेअर म्हणजे वीस खुर्च्या, त्याला एक छोटा हत्ती, आणि छोटा हत्तीवाल्याला लग्नसराईत ऐन वेळी तारीख बदलून सांगून बघा तो काय बोलतो ते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्पर्धा भरवू नका, सीझन भरवा. आत्ता काय होतं, पोरं वर्षभर प्रॅक्टिस करतात, मग कुठंतरी दोन दिवसांची एक स्पर्धा, त्यात तीन-चार मॅच, संपलं वर्ष. महाराष्ट्राची टीम नॅशनलला जाते पण तिच्यात यायच्या आधी त्या पोरानं किती मॅच खेळल्यात बघा, हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. माझ्या डोक्यात हिशोब असा आहे, तीसेक प्लेअर जमवायचे, जिल्ह्याजिल्ह्याच्या टीम करायच्याच नाहीत, कारण एका जिल्ह्यात आठ पॉइंटचं गणित बसेल असे वेगवेगळ्या पॉइंटचे प्लेअर मिळतच नाहीत, कुठं नुसते तीनवाले कुठं नुसते एकवाले. सगळे एका टोपलीत घालून पॉइंट बघून चार टीम पाडायच्या. चार टीम एकमेकांशी एकदा खेळल्या की सहा मॅच होतात, घड्याळ मध्ये मध्ये थांबतं म्हणून एका मॅचला दीड तास धरा, शनिवारी तीन रविवारी तीन, झालं. असे सहा वीकेंड, डिसेंबर ते फेब्रुवारी, पंधरा दिवसांनी एक. प्रत्येक टीमला अठरा मॅच मिळतात. पहिल्या वीकेंडच्या आधी एक दिवस फक्त पॉइंट तपासायला ठेवायचा, कारण ते काही कागद बघून होत नाही, टेबलावर बसवून हाताची ताकद बघतात, मग खुर्चीत बसवून, मग मॅचमध्ये लांबनं बघतात, आणि पॉइंट बदलला की टीमचं गणितच बदलतं, ते सीझनच्या मध्येच झालं तर भांडणं लागतात, लागलेली आहेत.

डिसेंबर-फेब्रुवारी का म्हणून विचाराल तर वर सांगितलंच, उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये पण नको, तिथं तर अजून भट्टी.

खुर्च्यांचं पण थोडं सांगतो कारण तो माझा विषय आहे. बाहेरची चांगली रग्बीची खुर्ची काही लाखांत जाते, ती ज्याच्या त्याच्या मापाची बनवावी लागते. आमच्याकडे दोनच अशा आहेत, बाकीच्या इथल्याच फॅब्रिकेटरकडनं वेल्डिंग करून घेतलेल्या, वजनाला जड, पण मार खातात. स्पोक दिसू नयेत म्हणून गोल चकत्या लावतात, नाहीतर समोरच्याचा दांडा स्पोकमध्ये घुसला की चाकाची जिलेबी. साध्या सायकलीत मी चाळीस-पन्नास हवा भरतो, इथं शंभरच्या वर, खुर्ची पळायला टायर दगडासारखा लागतो, आणि तो धडकेत फुटला की फटाका वाजल्यासारखा आवाज येतो, पहिल्यांदा बघायला आलेली माणसं दचकतात. मग रेफरी शिट्टी मारतो आणि मी पळतो. चाक एका बटणावर निघतं, दुसरं तयार ठेवलेलंच असतं. माझा रेकॉर्ड सांगत नाही, कुणाचा विश्वास बसायचा नाही.

कायदा पण आपल्या बाजूनं आहे म्हणतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात खेळाच्या सोयींचं वेगळं कलम आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासनं पाच वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या असं पण आहे. नियम आले २०१७ ला, पाच वर्षं २०२२ लाच संपली. तरी एका हॉलला रॅम्प एवढा खडा आहे की दोघांनी मागनं ढकलावं लागतं, दुसऱ्याला रॅम्प छान आहे पण संडासाचं दार एवढं अरुंद की रोजची खुर्ची पण जात नाही. रॅम्पला आतनं दोन फुलांच्या कुंड्या ठेवल्यात ते वेगळंच. पण मला कोर्टकचेरीत जायचं नाही, दुकान कोण बघणार.

पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या देशाला पॅरालिम्पिकची २९ मेडल मिळाली, तुम्ही पण पहिल्या पानावर छापलंत, आपल्या सांगलीच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं सिल्व्हर त्यात आहे. मुरलीकांत पेटकरांनी तर १९७२ लाच गोल्ड आणलं होतं, तेही सांगलीकडचेच. पण ही जवळजवळ सगळी एकेकट्यानं मिळवलेली मेडल आहेत, एकटा माणूस कुठनं तरी ग्राउंड शोधतो, जिद्दीनं करतो. टीमच्या खेळात तसं होत नाही, आठ जण एका वेळी एका जागी यावे लागतात. त्याच पॅरिसला व्हीलचेअर रग्बीचं गोल्ड जपाननं घेतलं, फायनलला अमेरिकेला ४८-४१ नं हरवून, त्याआधी रिओला ब्राँझ, टोकियोला ब्राँझ. भारताची टीम अजून पॅरालिम्पिकला पोचलेली नाही आणि लगेच पोचेल असं मी म्हणत पण नाही, अठरा मॅच खेळू द्या आधी.

ज्यांच्या ताब्यात हॉल आहेत ते तुमचा पेपर वाचतात म्हणून हे पत्र. फुकट नको, जो रेट बॅडमिंटन क्लासला लावता तोच लावा. सहा वीकेंडच्या तारखा एका कागदावर सही-शिक्क्यानिशी द्या, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही कार्यक्रम आला तरी त्या फिरवायच्या नाहीत एवढं लिहून द्या. उद्घाटनाला पाहुणे आले नाहीत तरी चालेल.

आणि जमलं तर हे दसऱ्याच्या आधी करा. या खुर्च्यांच्या ट्यूब पुण्यात सहज मिळत नाहीत, बाहेरनं मागवाव्या लागतात, दिवाळीत होलसेलवाला पंधरा दिवस दुकान उघडत नाही आणि नंतर ऑर्डर दिली तर माल जानेवारीत येतो.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला, पुणे