आप्पांशी बोललात, म्हणून हे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा दुखत काहीच नव्हतं. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी 'उष्णता आहे, खडा असेल' म्हणत नुसत्या गोळ्या दिल्या, साधी सोनोग्राफीही सांगितली नाही. समोर जन्मभर बिडी ओढलेला म्हातारा, न दुखता रक्त जातंय, तरी कॅन्सरची शंका येऊ नये? माझा राग अजून उतरलेला नाही.

पुढे मूत्राशयाचा कॅन्सरच निघाला. गाठ काढली, ती परत उगवू नये म्हणून मूत्राशयात बीसीजीचं औषध सोडणं झालं. तेवढ्यात एकजण घरी येऊन सांगून गेला, 'लघवीची आरएनए टेस्ट करा, दुर्बिणीची कटकटच नको.' लघवीच्या वाटेने आत घालून बघायच्या त्या दुर्बिणीचं नाव काढलं तरी आप्पांना घाम फुटतो. ते पैसे मोजायला तयार होते.

तुम्ही दिवाळीला यावलला आलात. तुमचा अभ्यासच पेशींमधल्या या नॉन-कोडिंग आरएनएचा. मी प्रश्न विचारत होतो, पण तुम्ही खुर्ची आप्पांकडे वळवून बसलात आणि अहिराणीत बोलायला लागलात. तोवर सगळे माझ्याकडे बघून बोलायचे, आजार जणू मलाच झालाय! रिपोर्टच्या पाकिटावर तुम्ही केळीच्या ओळी काढल्यात. ठिबकचा वॉल स्वतः केळी पिकवत नाही, पण कुठल्या ओळीला पाणी जायचं ते त्याच्यावर ठरतं. हे आरएनए तसंच, स्वतः प्रथिन बनवत नाही, दुसऱ्या जनुकांचं काम वाढवतं नाहीतर दाबतं. या कॅन्सरमध्ये यूसीए१ नावाचं असंच एक आरएनए वाढलेलं सापडतं, गाठीला आवरणारं दुसरं एक, मायक्रोआरएनए-१४५, कमी झालेलं असतं. यूसीए१ रुग्णांच्या लघवीत सापडतं हे २००६ सालीच छापून आलंय, असंही म्हणालात.

आणि लगेच म्हणालात, 'पण आप्पा, त्याच्या भरवशावर दुर्बीण चुकवू नका. हा आजार परत परत उगवतो.' स्वतःच्याच विषयाचा मोठेपणा असा बाजूला ठेवणारं माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिलं. शिकलेले पुष्कळ भेटतात हो, म्हाताऱ्या माणसाला खरं सांगायला वेळ काढणारे कुठे भेटतात?

आप्पा ठरल्या तारखेला दुर्बीण करून आले. सध्या सगळं स्वच्छ आहे. बिडीही सुटलीय. फक्त त्यांचा एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलाय, मला उत्तर देता आलं नाही: 'बिडी सोडी दिधी, मंग तो बिघडेल वॉल सुधरस का?'

तुमचा,
आप्पांचा थोरला